पहिल्या ‘नको’नंतरचा चहा

मित्रांनो, मी कॅनडातल्या विनिपेगच्या वाचनालयाच्या तळघरातली जुनी किटली आहे. माझ्या तोटीला पोचा आलाय, झाकण नीट बसत नाही. पण चहाचा थेंब कधी गळू दिलेला नाही.

मला घडवणारे हात आता आठवत नाहीत. आठवतं ते इथलं काम. परदेशातून आलेल्या मोठ्या माणसांना इथे हौशी मंडळी फुकट इंग्रजी शिकवतात, आणि त्या हौशी मंडळींना आधी आयरीनबाई शिकवतात. “विद्यार्थी नको म्हणाला की विषय संपला. बळजबरी करायची नाही,” हा त्यांचा पहिला धडा.

निवृत्त बसचालक गॉर्डनने तो अगदी घोकून ठेवला. त्याच्याकडे अफगाणिस्तानातल्या हेरातच्या माहजबीनबाई आल्या. नवऱ्याचं दुखणं डॉक्टरांना स्वतः सांगता यावं, एवढ्यासाठी त्या शिकत होत्या. गॉर्डनने विचारलं, “चहा?” बाई संकोचून म्हणाल्या, “नको, नको.” झालं! पठ्ठ्याने आपला कप भरला आणि त्यांच्यासमोर भुरके मारत प्यायला. दर वर्गाला हेच. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस त्यांची मुलगी नर्गिस पुस्तकं परत करायला आली.

“आई आता येणार नाही.”

गॉर्डनचा चेहरा पडला. “माझं काही चुकलं का?”

“आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणतं का? तुम्ही पुन्हा विचारलंच नाहीत. आईला वाटलं, ती तुम्हाला जड झालीय.”

आयरीनबाई जवळच होत्या. त्या म्हणाल्या, “तिला घेऊन ये. शिकायला नाही, आम्हाला शिकवायला.”

नर्गिसबरोबर माहजबीनबाई आल्या आणि त्यांनी मलाच हातात घेतलं. गॉर्डन नको म्हणाला, तरी त्यांनी ओतलं. त्याने भिडेखातर कप रिकामा केला, की त्यांनी तो पुन्हा भरला. बिचारा घामाघूम झाला.

“अहो, पुरे असेल तर कपावर हात ठेवा!” नर्गिस ओरडली. माहजबीनबाई त्या खोलीत पहिल्यांदाच पोट धरून हसल्या. पुढच्या वर्गापासून त्या पुन्हा येऊ लागल्या. आयरीनबाईंचा पहिला धडाही बदलला: नको म्हणणाऱ्याच्या घरची रीत आधी विचारा.

पुढे बटण दाबलं की चहा देणारं यंत्र आलं आणि मी फळीवर गेले. धूळ बसली, पोटात क्षार साठले. कुणी ढुंकून पाहत नव्हतं.

मग एका दुपारी माहजबीनबाई दवाखान्यातून थेट इकडे आल्या. डॉक्टरांशी सगळं त्या स्वतः बोलल्या होत्या, मुलीला तोंडही उघडू दिलं नव्हतं. गॉर्डनने मला खाली काढलं, घासलं, पाणी उकळलं.

“चहा?”

“नको.”

त्याने कप भरून त्यांच्यापुढे ठेवला.

मित्रांनो, मला रोज घासलं नाहीत तरी चालेल. पण पहिल्याच ‘नको’वर मला खाली ठेवू नका.