ओसियेकची सासू बोटीवर

जुलैच्या उन्हात दुब्रोव्निकहून बोट सुटली तेव्हा ओसियेकच्या पेन्शनर मंडळातल्या साऱ्या बायका कठड्याला चिकटून ओरडत होत्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती यान्या. "मी इतिहास बघायला आलेय बरं का!" असं तिनं जो भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. दुब्रोव्निकची तटबंदी, स्तोनची मिठागरं, मग म्ल्येत, कोर्चुला, ह्वार, त्रोगिर. गावांची नावं ती घडाघडा म्हणायची. फक्त कोर्चुलाचं नाव आलं की जरा घाईघाईनं उरकायची.

तिची मैत्रीण एवित्सा काही दूधखुळी नव्हती. "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं," ती म्हणाली. "कोर्चुलाला तुझी लेक वेद्राना राहते ना गं?"

"राहते. मग? बोट थांबते तिथं, मी काय करू? समुद्रात उडी मारू?"

खरं काय ते ऐका. बारा वर्षांपूर्वी वेद्राना एका उन्हाळ्यात त्या बेटावर हॉटेलात कामाला गेली आणि फ्राने नावाच्या मच्छीमाराशी लग्न करून तिथलीच झाली. मक्याच्या शेतात वाढलेल्या यान्याला मासळीचा वाससुद्धा सोसत नव्हता. भर लग्नात चार लोकांसमोर ती म्हणाली, "पोरीला पळवलंस. तुझ्या बेटावर मी पाय ठेवणार नाही." आता बोलून तर बसली. शब्द गिळायचा कसा? वेद्राना दर नाताळात माहेरी यायची, एकटीच. अन् यंदा मे महिन्यात तिचा फोन आला: "आई, फ्राने यंदा काळा राजा होणार आहे. गावच्या सणाला, मोरेश्कात." मोरेश्का म्हणजे त्या गावचा तलवारींचा नाच. पोरं वर्षानुवर्षं सैनिक म्हणून नाचतात, तेव्हा कुठं एखाद्याला राजाची तलवार मिळते. "बरं," म्हणून यान्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मंडळात जाऊन तिनं सहलीत नाव घातलं. बोट नेमकी सणाच्या संध्याकाळी कोर्चुलाला लागणार होती, आणि सकाळी निघणार होती. हुकलं तर हुकलंच!

त्या दिवशी दुपारी बोट म्ल्येतला लागली. उन्हाळ्यात तिथं धक्क्याला जागा कुठली! पहिली बोट धक्क्याला, दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला, अशा त्या एकमेकींना दोर लावून उभ्या. बाहेरच्या बोटीवरच्या माणसानं आतल्या सगळ्या बोटींतून, लोकांच्या जेवणाच्या टेबलांमधून, "माफ करा, माफ करा" करत किनाऱ्यावर जायचं. यान्याला याची भारी मजा वाटली. जाता जाता दोन बोटींवरची ताटं बघून झाली, एका स्वयंपाक्याला "मीठ जास्त झालंय" असंही सांगून झालं. आपली बोट सगळ्यांत बाहेरची, एवढं तिनं ध्यानात ठेवलं.

बेटावरचं तळं बघून ती बाकीच्यांच्या आधीच परतली. संध्याकाळसाठी ताजंतवानं व्हायला हवं होतं ना! सगळ्या बोटी ओलांडून ती सगळ्यांत बाहेरच्या बोटीवर आली, वरच्या आरामखुर्चीवर आडवी झाली, टोपी तोंडावर घेतली आणि घोरू लागली. ती तळ्याकडे गेली असताना आणखी एक बोट येऊन तिच्या बोटीला बिलगली होती, आणि आता सगळ्यांत बाहेरची तीच होती, हे बाईंना कोण सांगणार?

जाग आली ती इंजिनाच्या धडधडीनं. शेजारी एक अनोळखी गृहस्थ कलिंगड खात होते.

"एवित्सा कुठाय?" यान्यानं विचारलं.

"कोण एवित्सा?"

"अहो, कोर्चुला आलं का?"

"कोर्चुला?" गृहस्थ हसले. "बाई, आम्ही दुब्रोव्निकला चाललोय. कोर्चुला मागं राहिलं."

यान्या अशी उठली की खुर्चीच उलटली. धडधडत ती कप्तानाच्या खोलीत घुसली. कप्तान म्हणजे पेरो, साऱ्या किनाऱ्याचा 'बार्बा', म्हणजे काका; पांढऱ्या मिशांचा, तोंडात विझलेली सिगारेट.

"बोट वळवा!"

"वळवतो की. चाळीस माणसांना सांगा तुम्हीच."

"मग मला उतरवा!"

"इथं? मासे काय म्हणतील?" बार्बा म्हणाला, पण बाईंचे डोळे भरलेले बघून त्यानं सिगारेट काढली. "कोर्चुलाला एवढं काय अडलंय? उद्या दुब्रोव्निकहून बसनं पाठवतो."

"उद्या काय उपयोग!" आणि मग बारा वर्षं दाबलेलं सगळं तिनं ओकलं. मुलगी, मच्छीमार, लग्नात बोललेलं ते वाक्य, काळा राजा, सगळं. "मी तोंडानं माफी मागू शकत नाही हो. मला वाटलं, नुसती जाऊन समोर बसेन. त्याला कळेल."

बार्बानं वायरलेस उचलला. "ऐका रे! ओसियेकची एक सासू माझ्या बोटीवर जास्तीची आलीय. जावई कोर्चुलाचा फ्राने, आज काळा राजा आहे. सासू त्यालाच बघायला आलीय पण सांगायला लाजते. कुणी त्याला गाठा."

"अहो, हळू!" यान्या किंचाळली.

हळू कसलं! त्या लहरीवर अख्खा किनारा कान लावून बसलेला. "सासू स्वतःहून आलीय? बघा, वादळ येईल!" एकजण म्हणाला. "माझीही घेऊन जा रे कुणीतरी!" दुसरा म्हणाला. यान्यानं तोंड झाकून घेतलं. आणि मग खरखरत एक आवाज आला, धाप लागलेला: "बार्बा, वेग कमी कर. मी निघालोय."

पाऊण तास यान्या कठड्यावरून हलली नाही. येईल का? त्याला नाचायचंय, गाव खोळंबेल. का येईल तो माझ्यासाठी? मग लांबवर एक ठिपका दिसला, पाणी उडवत सरळ त्यांच्याकडे येणारा. होडीत नखशिखांत काळ्या पोशाखातला माणूस उभा होता, कमरेला तलवार लटकत होती. बोटीवरच्या लोकांनी टाळ्या पिटल्या.

होडी शिडीखाली लागली, वर-खाली आपटत. फ्रानेनं हात वर केला. "आई, हात द्या. मी सांगेन तेव्हा पाय टाका."

"आधी ती तलवार बाजूला कर, मेल्या! भोसकशील!"

"आता!"

तिनं डोळे मिटून पाय टाकला आणि ती दाणकन जाळ्यांच्या ढिगावर बसली. वरून चाळीस माणसं ओरडली, बार्बानं भोंगा वाजवला. होडी उधळली. पाण्याचे सपकारे तोंडावर बसत होते, आणि यान्या किंचाळत होती, पण भीतीनं नाही. अशी ती लग्नाआधी जत्रेतल्या पाळण्यात किंचाळली होती. "अजून जोरात ने!"

फ्राने हसला. "भीती नाही वाटत?"

"उशीर होईल त्याची वाटते! आणि ऐक, मी इतिहास बघायला आले होते."

"हो, ऐकलं. सगळ्या समुद्रानं ऐकलं."

धक्क्यावर वेद्राना उभी होती. मायलेकींना रडायला वेळच मिळाला नाही. फ्राने पुढं पळत होता आणि त्या दोघी मागं, दगडी पायऱ्यांवरून, वेशीतून. चौकात माणसांवर माणसं. यान्याला पहिल्या रांगेत जागा करून दिली. ती कोण हे तोवर गावाला ठाऊक झालंच होतं.

ढोल वाजला. नावाला पांढरा पण लाल कपड्यांतला राजा एकीकडे, काळा दुसरीकडे, मध्ये साखळीत बांधलेली मुलगी. काळ्यानं पळवून आणलेली. तलवारी भिडल्या, ठिणग्या उडाल्या. दर फेरीला काळे सैनिक मागं सरत होते आणि यान्या मूठ आवळत होती. शेवटच्या फेरीत काळे सैनिक सगळे पडले. काळ्या राजानं गुडघे टेकले, मान खाली घातली आणि तलवार शत्रूच्या हाती दिली. नाच असाच संपतो, शेकडो वर्षं. आता फक्त मुलीची साखळी सुटायची बाकी होती.

यान्या ताडकन उभी राहिली.

"हरला बिरला काही नाही तो!" ती सगळ्या गावासमोर ओरडली. "आणि पळवलं बिळवलं कुणाला नाही! पोरगी आपल्या पायांनी आली होती! मी खोटं बोलले होते! माझा जावई आहे तो, ऐकलंत का?"

चौकात एकच हशा आणि टाळ्या. गुडघ्यांवरचा काळा राजा मान वर करू शकत नव्हता, त्याचे खांदे हलत होते. वेद्राना डोळे पुसत आईचा स्कर्ट ओढत होती, "आई, बस गं, नाच संपला नाही अजून," आणि यान्या काही केल्या बसायला तयार नव्हती.