डोळ्यावरची पट्टी

"मिटा डोळे, लेकरांनो. दिस मावळला."

वेळ सकाळची असायची. ऊन नुकतंच शेडच्या पत्र्यांवर चढलेलं असायचं, आणि चाकणच्या पलीकडे, वासुली फाट्याजवळच्या एका कंपनीच्या गेटवरचे म्हातारे रखवालदार कोंडीरामबाबा हे असं म्हणायचे. म्हणता म्हणता कागदी पट्टीचा तुकडा तोडायचे आणि माझ्या डोळ्यावर हलक्या हाताने चिकटवायचे. आतल्या यंत्रांचे फोटो काढायला मनाई होती. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलचे पुढचे-मागचे डोळे असे झाकले जात.

शिफ्ट सुटली की बाबा पुन्हा उभे. "उघडा डोळे, लेकरांनो. उजाडलं." नखाने अलगद पट्टी काढायची, खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाने डोळा पुसायचा आणि मगच मोबाईल मालकाच्या हातात द्यायचा, ही त्यांची रीत.

एकदा कोणी तरी हसून विचारलं, "बाबा, मोबाईलशी काय बोलता?"

"का न्हाई बोलायचं? आमच्या गावात घाण्याच्या बैलाला झापड बांधायचे. आता मोबाईलला बांधत्यात. पर बैलाची झापड सांजच्याला सोडायचे, तशी ह्याची बी सोडाया पायजे. बांधनारा हात हाय, तर सोडनारा बी लागतोय."

तो आवाज थांबून वर्षं झाली. पण मित्रांनो, माझी सगळी कहाणी त्या मिटण्याच्या आणि उघडण्याच्या मधली आहे. मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा आहे, पाठीचा रंग अंगठ्याच्या जागी उडाला आहे. पण अजून मी कामावर जातो.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट आठवत नाही. अनेक हातांनी मला जोडलं आणि त्यातला एकही चेहरा मी पाहिला नाही, कारण डोळा मला सगळ्यात शेवटी मिळाला. तो उघडला तेव्हा मी चिंचवड स्टेशनजवळच्या एका दुकानात काचेच्या कपाटात होतो. तिथे एक माणूस आला. कपाळावर डाव्या भुवईत जुन्या जखमेची खूण, नखांत ग्रीस. तो रोहिदास. त्याने दुकानदाराला एकच गोष्ट विचारली.

"ह्याच्यात समोरच्याला माझे हात नीट दिसतील का?"

"सेल्फी एकदम भारी येतो, भाऊ."

"सेल्फी नको. हात दिसले पाहिजेत."

दुकानदार गोंधळला. मीही गोंधळलो. उत्तर मला त्याच संध्याकाळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी मिळालं.

रोहिदासची बायको कस्तुरा हिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती देहूला, इंद्रायणीच्या अलीकडच्या आळीत, लेक जयमालासोबत राहायची आणि शिलाईयंत्रावर टाळांच्या पिशव्या शिवायची. रोहिदास आठवड्याचे सहा दिवस कंपनीजवळ खोली करून राहायचा. रात्रीची मोटरसायकल आणि कंटेनरची चाकं, त्या रस्त्याची तिला भीती वाटे. खोली घ्यायला तिनेच त्याला लावलं होतं. आमच्या भागात गुरुवार हाच रविवार. कारखान्यांची सुट्टी तेव्हा, आणि रोहिदासचं घर तेव्हा. मधले सहा दिवस त्या दोघांना बोलायला काहीच नव्हतं. साधा फोन आवाज नेतो. हात कसे नेणार?

ते काम माझ्याकडे आलं.

त्या पहिल्या संध्याकाळी रोहिदासने मला टपरीच्या बरणीला टेकवून उभं केलं आणि दोन पावलं मागे सरकला. काचेत कस्तुरा दिसली, घरातल्या फोनपुढे बसलेली. तिने आधी भुवईवर बोट टेकवलं. हे त्याचं नाव. त्याने बोटांची टोकं नाकाशी नेऊन वास घेतल्यासारखं केलं. हे तिचं नाव. मग गळ्याभोवती हार काढला, म्हणजे 'जयमाला कुठे आहे?' हातांच्या बोलीत अहो-जाहो नसतं, मित्रांनो. समोर बोट केलं की झालं 'तू'. बाकीचं जग आवाजाने भरलेलं होतं. हॉर्न वाजत होते, कोणी फोनमध्ये "हॅलो, ऐकू येतंय का" म्हणून ओरडत होतं. त्या गलबल्यात या दोघांचं बोलणं मात्र कुठेच अडखळलं नाही.

मला तेव्हा वाटलं, जात्यावरच्या बायांनी आपल्यासाठीही एखादी ओवी म्हणावी. कोणी म्हटली नाही, म्हणून मीच मनात म्हटली:

हाताची गं बोली, डोळ्यांनी ऐकावी,
काचेच्या वाटेनं सय पोचवावी.

त्या गुरुवारी कस्तुराने मला हातात घेतलं, मागून पुढून पाहिलं आणि उरलेल्या कापडाची एक पिशवी मला शिवून दिली. टाळांच्या पिशवीसारखीच, पण लहान. मी आजवर अनेक कौतुकं ऐकली, पण ते कौतुक अंगावर घालता येणारं होतं.

बरीच वर्षं अशी चांगली गेली. मग कोंडीरामबाबा गेटवरून घरी बसले. त्यांच्या जागी नवी माणसं आली, नवी प्लास्टिकची पट्टी आली. ती माणसं वाईट नव्हती, त्यांना घाई होती. बस लागलेली असायची, रांग गेटबाहेर गेलेली असायची. ती पट्टी चिकटवायची, न बोलता. आणि काढणारं तर कोणीच नव्हतं. ज्याने त्याने आपली ओरबाडायची आणि चालू लागायचं. रोहिदासही तसंच करू लागला. पट्टी निघायची, पण तिचा चिकटा मागे राहायचा. आजचा थर, त्यावर उद्याचा. त्यावर धूळ, त्यावर घामाचं बोट. जग मला हळूहळू धुक्यात दिसू लागलं. जे रोज थोडं थोडं बदलतं ते कळत नाही. मला वाटलं, आपल्या भागातली हवाच अशी झाली असेल.

पोटही जड झालं होतं. कंपनीच्या ग्रुपवर रोज पहाटेपासून फुलं, दिवे, सुविचार यायचे. रोहिदास ते उघडायचाही नाही, पण साठवावे मलाच लागत. मी थकलो. काचेवर बोट ठेवलं की विचारात पडू लागलो. व्हिडिओ सुरू असताना मध्येच थिजायचो. रोहिदासचा हात वर जायचा आणि मी तो तिकडे पोचवेपर्यंत खाली आलेला असायचा. मधले शब्द सांडून जायचे.

आणि कस्तुराचं बोलणं कमी होऊ लागलं.

आधी ती दळणापासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगायची. आता 'जेवलास? बरं. ठेव,' एवढंच. कधी कधी ती उत्तरच चुकीचं द्यायची. त्याने विचारलं 'पाणी आलं का', तर ती जयमालाच्या मावशीविषयी सांगायची, 'उद्या येईल.' मग तिच्याच लक्षात येऊन चेहरा उतरायचा, आणि हात पदरात जायचे.

एके संध्याकाळी खोलीतला सोबती साहेबराव रोहिदासला म्हणाला, "वहिनी रुसल्या म्हण की."

"रुसली असती तर हात तरी हलले असते, राव. रुसली की भांडं फुटेल असे हात चालतात तिचे."

"मग?"

"तेच कळेना. इथं राहतो म्हणून असेल. तिनेच पाठवलं, पण आता..."

"आधी हा डबा बदल. ह्याच्यापेक्षा माझ्या लेकीची पाटी लवकर चालते."

मित्रांनो, डबा हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. राग आला नाही. फक्त असं वाटलं, ज्या कामासाठी मला आणलं तेच माझ्या हातून निसटत चाललंय.

पुढच्या गुरुवारी देहूच्या घरी जेवणं झाल्यावर रोहिदासने विषय काढला. बोलताना त्याचे हातही चालत होते. "आज चिंचवडला जाऊ. नवा फोन घेऊ."

कस्तुराने मला चटईवरून उचललं आणि शिलाईयंत्राच्या खणात टाकून खण लावून घेतला. मग हातांनी म्हणाली, 'नको. हाच राहू दे.'

जयमाला हसली. ती कॉलेजात जाणारी मुलगी, तोंडाने आणि हातांनी एकदमच बोलायची. "आई, पप्पा आपणहून नवा घेतायत आणि तू नको म्हणतेस? ताप आलाय का तुला?"

'ह्याला काय झालंय?'

"काय झालंय? हा सुरू व्हायच्या आत कुकरच्या शिट्ट्या संपतात."

'नको म्हटलं ना.'

त्या 'नको'मध्ये काटकसर नव्हती. खणाच्या फटीतून मला तिचा चेहरा धूसर दिसत होता, पण तिने एक हात खणावरून काढला नव्हता, ते दिसलंच. रोहिदासलाही दिसलं असावं. यंत्रापाशी बसून तिने सुईत दोरा घालायला घेतला. दोरा सुईशेजारून निघून गेला. पुन्हा घातला, पुन्हा निघून गेला. मग तिने सुई लेकीपुढे धरली. जयमालाने दोरा ओवून दिला, रोजच्यासारखा, आणि म्हणाली, "बरं, नवा नको. मग ह्यालाच बघू काय झालंय ते. आण इकडे."

अशी माझी तपासणी सुरू झाली. जयमालाने मला बंद केलं, थोडं पडू दिलं, पुन्हा जागं केलं. मग पोटातलं काढायला घेतलं. "पप्पा, हे बघा, एकाच गुलाबाचे किती फोटो." कोण्या काळी उतरवून विसरलेले खेळ, दोनदा-तीनदा साठलेले तेच ते व्हिडिओ, सगळं गेलं. चार्जिंगच्या भोकातून लाकडी काडीने कापसासारखा मळ निघाला, तोही कस्तुराने शिवलेल्या पिशवीचाच. मला हलकं वाटू लागलं. बोट लावलं की लगेच उत्तर देऊ लागलो.

"चालायला लागला की," रोहिदास म्हणाला.

"थांबा, व्हिडिओ बघू." जयमालाने माझा पुढचा डोळा उघडला आणि माझ्या काचेत स्वतःकडे पाहिलं. "हे काय? धूर झालाय का घरात?"

रोहिदास वाकून बघू लागला. त्याने आजवर काचेत नेहमी कस्तुरालाच पाहिलं होतं. स्वतःचं चित्र कोपऱ्यात नखाएवढं असायचं, तिकडे त्याचं लक्ष कधी गेलंच नव्हतं.

जयमालाने ओढणीने पुसलं. ओढणीचा धागाच मला चिकटला. "पप्पा, इथे चिकटा आहे. पट्टीचा."

तेवढ्यात कस्तुरा उठून जवळ आली. तिने मला हातात घेतलं. काचेतल्या लेकीकडे पाहिलं, तर धुकं. समोर बसलेल्या लेकीकडे पाहिलं, तर नाकातली चमकीसुद्धा लख्ख. पुन्हा काच, पुन्हा लेक. किती वेळ ती अशी मान वर-खाली करत राहिली. मग एकदम आत गेली आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. जुन्या सुती कापडाच्या टोकावर थेंब घेतला आणि माझ्या डोळ्यावर फिरवू लागली. घाईने नाही. गोल, हळू, जसं तान्ह्या बाळाच्या पापण्यांना लावतात. चिकटा सुटला, मऊ झाला, कापडावर काळा उतरला. कोरड्या टोकाने तिने मला पुसलं.

आणि मित्रांनो, उजाडलं.

तिचा चेहरा मला किती तरी दिवसांनी जसाच्या तसा दिसला. डोळे भरलेले होते. रोहिदासने हातांनी विचारलं, 'काय झालं?' तिने मान हलवली. 'काही नाही. तेल गेलं डोळ्यात.' तेल तर माझ्या डोळ्यात गेलं होतं.

जुन्या वस्तूला माणसं फार लवकर 'गेली' म्हणतात, मित्रांनो. कधी ती जातेही, मी काही अमर नाही. पण टाकण्याआधी एकदा तिचं पोट बघा, एकदा डोळा पुसा. पुष्कळदा बिघडलेलं काहीच नसतं, फक्त कोणी झापड सोडलेली नसते. माणसाचंही मला तसंच वाटतं. कोणी बोलेनासं झालं तर रुसलं म्हणण्याआधी बघावं, मध्ये कसला चिकटा साठलाय का.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, गेटवर पुन्हा पट्टी लागली. पण शिफ्ट सुटल्यावर रोहिदासने ती ओरबाडली नाही. नखाने सावकाश काढली आणि खिशातून कस्तुराने दिलेलं सुती कापड काढून माझा डोळा पुसला. पुसताना ओठातल्या ओठात काही म्हणाला. शब्द ओळखीचे होते.

टपरीच्या बरणीला त्याने मला टेकवलं. काचेत कस्तुरा आली. भुवईवर बोट टेकवलं, पण पुढे बोलेना. नुसती बघत राहिली.

'मागे सरक,' तिचे हात म्हणाले. 'हात दिसू दे.'

तो सरकला. दोन्ही पंजे पसरून धरले.

'बोटं दिसतात,' ती म्हणाली. 'नखातलं ग्रीससुद्धा दिसतं. धुतले नाहीस.'

तो हसला. ती हसली नाही. तिने हात छातीशी धरले, खाली घेतले, पुन्हा वर आणले. एवढ्या वर्षांत कुठलाही शब्द तिला इतका जड झालेला मी पाहिला नव्हता. मी जराही थिजलो नाही. एकेक बोट जसंच्या तसं त्याला पोचवलं.

'मला वाटलं, माझे डोळे चाललेत. माझ्या आईचं असंच सुईपासून सुरू झालं होतं. मग तू धुक्यात दिसू लागलास. नवा फोन आला असता आणि त्यातही तू धुक्यातच असतास, तर मला कळलं असतं. म्हणून नको म्हणत होते.'

रोहिदास नकळत एक पाऊल पुढे आला, मग हात दिसावेत म्हणून पुन्हा मागे सरकला.

'सुई अजून दिसत नाही,' ती म्हणाली. 'जया म्हणते, चष्मा लागेल. गुरुवारी नेशील?' मग तिने बोट त्याच्याकडे केलं, आणि दोन्ही तळवे आपल्या डोळ्यांवर ठेवून पुन्हा काढले. 'तुझे हात दिसेनासे झाले, तर मी बोलू कुणाशी? ही भीती होती मला. आणि ती सांगायलाही मला तुझे हातच दिसायला हवे होते.'