बाजेखालची शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे आणि खरं सांगायचं तर दमले आहे. जाळी झिजली, एक कान तुटला. बोलायची हौसही फारशी उरलेली नाही. तरी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तेवढी सांगते आणि गप्प बसते.

माझा जन्म पोलादपूरचा. हमरस्त्याच्या कामावर डांबराची रिकामी पिंपं पडलेली असत. रामजी लोहाराने त्यातल्या एकाचा पत्रा कापला, ठोकून ठोकून मला आकार दिला आणि महाडच्या बाजारात विकायला ठेवलं. तिथून मला साळूबाईने घेतलं. साळूबाई म्हणजे आसपासच्या वाड्यांची सुईण. बाळंतपण करायचं, बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, हे तिचं काम. ती जाईल त्या घरी मी तिच्या डोक्यावरून जात असे.

बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. दार लावायचं, फटींत चिंध्या कोंबायच्या आणि बाजेखाली मला सरकवायचं. साळूबाई फार जपून वागायची. मला आधी पडवीत पेटवायची, धूर पार निघून जाऊ द्यायची आणि निखारे लालभडक झाले की मगच आत न्यायची. "साळूबायची शेगडी म्हंजे धूर नाय नि डोल्यात पानी नाय," असं बायका कौतुकाने म्हणत. मलाही ते ऐकून फुगायला व्हायचं. बाजेखालून मला बाळ दिसत नसे, फक्त त्याचं रडणं ऐकू येई. तेवढ्यावर मी खूश असे.

तेव्हाही बाळंतिणींची डोकी दुखत. पण बाळंतपण म्हटलं की डोकं दुखणारच, असं म्हणून सगळ्या सोडून देत. घरं कौलारू होती. कौलांच्या फटींतून वारा आपला जातयेत राही. तो आमच्यावर केवढे उपकार करत होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढे माणसं आखाताकडे जाऊ लागली आणि गावात स्लॅबची घरं उठली. गरम झऱ्यांच्या सव गावाच्या वाटेवर कमरजहाँचं घर असंच नवं होतं. थोरला मुलगा रऊफ कुवेतला, त्याची बायको आसिया बाळंत झालेली. पहिलाच मुलगा. भर श्रावणातला पाऊस लागला होता. नव्या खोलीला काचेच्या खिडक्या, चांगलं जाड दार. कमरजहाँ अभिमानाने म्हणाली, "बघ गो साळूबाय, हितं वाऱ्याची टाप नाय आत यायची."

दुपारी अंघोळी झाल्या. मला बाजेखाली सरकवलं. थोड्या वेळाने आसिया म्हणाली, "अम्मी, डोकं लय जड झालंय. मलमलतंय पन."

"बघ, वारा लागला," कमरजहाँ घाबरून म्हणाली. तिने जुनं लुगडं घेऊन दाराखालची फटसुद्धा बुजवली. साळूबाईने माझ्यात आणखी कोळसा घातला. दोघींचा जीव होता त्या पोरीवर, म्हणून तर त्या असं करत होत्या. मग तिला झोपू दे म्हणून त्या चहाला गेल्या आणि जाताना बाहेरून ते लुगडं पुन्हा नीट बसवलं.

मित्रांनो, मलाही हवा लागते. कोंडल्यावर माझे निखारे मंदावले, मी घुसमटले. बाळ जरा किरकिरलं. मग त्याचा आवाज बारीक झाला. मग आलाच नाही. बाजेखाली इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

"पोरगं दुधाला उठलं कसं नाय?" असं म्हणत साळूबाई दार ढकलून आत आली. तिने आसियाला हलवलं, गालावर चापट्या मारल्या. आसियाने डोळे उघडले नाहीत. बाळाची मान हातात लोंबत होती. साळूबाईच्या किंकाळीने कमरजहाँ आणि धाकटा अमजद धावत आले.

"दृष्ट लागली गो! मीठ-मिरच्या आण, हितंच काढते," साळूबाई रडत म्हणाली.

"दृष्ट मागनं काढा," अमजद ओरडला. "आधी जीपमधे घाला दोघांना!"

"अरे, पावसात? वारा लागंल रे तिला!" कमरजहाँ म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. आसियाला उचलून तो अंगणात गेला. बाळाला पदराखाली घेऊन साळूबाई त्याच्यामागे धावली. पावसाचा सपकारा तोंडावर बसला तशी आसिया कण्हली. बाळ मात्र गप्पच होतं. जीप महाडकडे गेली आणि मी त्या रिकाम्या खोलीत विझत पडले.

पुढचं मला साळूबाईच्या तोंडून कळलं. डॉक्टरांनी दोघांना नळीने प्राणवायू दिला. बराच वेळ गेला, मग बाळ रडलं. डॉक्टरांनी खोलीत काय होतं ते विचारलं. "शेगडी होती, पन धूर नव्हता हो डाक्टर, रेघभर नव्हता," साळूबाई म्हणाली.

"धूर असता तर खोकला येऊन तुम्ही दार उघडलं असतंत," डॉक्टर म्हणाले. "लाल निखाऱ्यातूनही विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. पेटती शेगडी खोलीत न्यायचीच नाही."

त्यानंतर साळूबाई प्रत्येक घरी हेच सांगू लागली. लोकांना पटेना. "आमच्या आज्या काय मेल्या काय शेगडीनं?" असं म्हणून बायका दुसऱ्या सुईणीला बोलावू लागल्या. मी गोठ्यात पडले. कोंबडीने माझ्यात अंडी घातली. सवला जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं, त्याच्यावर कुणी कधी रुसत नाही. माझ्याच वाट्याला हे का, असं वाटून फार वाईट वाटायचं.

मग एके दिवशी आसियाचाच निरोप आला. दुसरं बाळंतपण होतं. कमरजहाँने स्वतः मला पडवीत मांडलं. साळूबाई माझ्यावर फडकी गरम करून आत नेऊ लागली. दारात एक पोरगा घोटाळत होता, माझ्याकडे टकमक बघत. त्या दिवशी गप्प झालेलं बाळ ते हेच.

पडवीतल्या वाऱ्यात माझे कोळसे लवकर संपतात, पाय गारठतात. पण खिडकी उघडी असते आणि आतलं रडणं मला स्वच्छ ऐकू येतं. मित्रांनो, थंडी असो, पाऊस असो, मला घराबाहेरच ठेवा. खिडकी उघडी ठेवा. म्हाताऱ्या शेगडीला आता दुसरं काही नको, आतलं बाळ रडताना ऐकू येऊ दे.