उपाशी शेवाळ

मेक्सिकोतल्या एका सिमेंट कारखान्यात धुराड्याचा धूर काचेच्या नळ्यांत सोडून त्यावर शेवाळ पोसायचं काम एर्मेलिंदाकडे होतं. शेवाळ मोठं गुणाचं, धूर खाऊन हिरवंगार व्हायचं. पण मंत्री ते बघायला येणार म्हटल्यावर मॅनेजर डॉन एवारिस्तोंनी आठ दिवस आधीच भट्टी बंद केली.

"अहो साहेब, मग हे खाणार काय? तुमचं भाषण?" एर्मेलिंदा म्हणाली.

"तुला काय कळतंय? धूर दिसला तर लोक म्हणतील, शेवाळ कामच करत नाही!"

आठव्या दिवशी शेवाळ पिवळं पडून तळाला बसलं. डॉन एवारिस्तोंनी हिरव्या लिंबू सरबताच्या पुड्या आणवल्या आणि एर्मेलिंदाच्याच हातानं नळ्यांतल्या पाण्यात ओतवल्या. पाद्रीबाबांनी वरून पवित्र पाणी शिंपडलं.

मंत्री आले. त्यांनी मान वर करून धुराड्याकडे पाहिलं आणि त्यांना गहिवरून आलं. "धुराचा एक कण नाही! सगळा गिळला या शेवाळानं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एर्मेलिंदानं नळ्यांकडे बोट दाखवलं.

"जरा हळू वाजवा हो साहेब. घरात मयत आहे."