रिपोर्टच्या आधी विमा

"वेळेवर आलात, बरं केलंत." हे वाक्य मी महिन्यातून तीसेक वेळा तरी बोलते. मॅमोग्राफीच्या मशीनपुढे बाई उभी राहिली की तिचे हातपाय गार पडतात. मग मी तिचा खांदा नीट बसवते, प्लेट खाली घेते, श्वास रोखा म्हणते आणि धीर द्यायला हे सांगते. अकरा वर्षं हेच काम करतेय. आणि माझ्या स्वतःच्या छातीत डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा मी काय केलं? रोज सकाळी त्याच मशीनवर फडकं मारलं, त्याच्यापुढे दुसऱ्या बायका उभ्या केल्या आणि संध्याकाळी घरी गेले. सात महिने. बोला आता!

मला काही वेड लागलं नव्हतं. उलट जरा जास्तच कळत होतं, तिथेच घोळ झाला. आमच्या सेंटरला विम्यासाठी तपासणी करायलाही लोक येतात. रक्त, लघवी, ईसीजी झालं की सुटले. कंपनी काय तपासते आणि काय नाही, हे मला तोंडपाठ. गाठ कुणी शोधत नाही, ती फक्त अर्जात विचारतात. पण एकदा का रिपोर्टवर माझं नाव छापलं गेलं, की कुठलीही कंपनी मला दारात उभी करणार नाही. म्हणून आधी विमा, मग रिपोर्ट, असं मी ठरवून टाकलं.

आणि का नाही ठरवणार? माझा नवरा ट्रक चालवायचा. त्याने एक पॉलिसी घेतली होती, दर पाच वर्षांनी थोडे पैसे परत देणारी. "मरायची वाट बघायला नको, जिवंतपणीच मिळतात," म्हणायचा आणि हसायचा. घाटात ट्रक उलटला तेव्हा त्या पॉलिसीचे जे आले, त्यात आठ महिन्यांचं घरभाडं निघालं. बस. घरात मी, सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक. लेकीला सगळे बटण म्हणतात, एवढीशी आहे म्हणून. सासूबाईंचे गुडघे गेलेले. मी गेले तर या दोघींनी जायचं कुठे? या प्रश्नाने माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

विमा एजंटचं नाव आम्ही कोट ठेवलं होतं. अंगाची लाही लाही होत असली तरी गडी कोट काढायचा नाही. पण माणूस सरळ. त्याने मला टर्म विमा नीट समजावला. "ताई, यात जगलात तर एक पैसाही परत नाही. गेलात तर घरच्यांना सगळी रक्कम. म्हणून हप्ता कमी. वर्षाच्या कमाईच्या दहा-पंधरा पट घ्या आणि मुलगी कमावती होईपर्यंतच्या मुदतीचा घ्या." मी म्हटलं, पैसे परत देणाराही टर्म असतो म्हणे? तर म्हणाला, "असतो की. त्याचा हप्ता दुप्पट, मग तेवढ्याच हप्त्यात तुमचं कव्हर, म्हणजे घरच्यांना मिळणारी रक्कम, निम्म्यावर येतं. तुम्हाला काय हवंय?" मला कव्हरच हवं होतं. पन्नास लाख. नवऱ्याची चूक मला पुन्हा करायची नव्हती, म्हणून मी चार कंपन्यांचे कागद पालथे घातले. कुणाचे दावे किती मंजूर होतात, कुणाच्या अटी काय, सगळं वाचलं. त्यात दोन महिने गेले. मग पगाराचा दाखला हवा होता. माझा अर्धा पगार रोखीत. कागदावरच्या पगारावर पन्नास लाख मिळेनात, म्हणून पूर्ण पगाराच्या दाखल्यासाठी आमच्या डॉक्टर मॅडमच्या मागे लागले. त्यांनी आज-उद्या करत तीन महिने लावले. इकडे वाटाण्याचं लिंबू झालं होतं. आंघोळीला गेले की हात तिकडे जायचा.

शेवटी दाखला हातात पडला आणि दुसऱ्याच संध्याकाळी कोट टॅब घेऊन घरी आला. सासूबाई भाजी निवडत होत्या. बटणला टॅब बघून राहवेना. कोट म्हणाला, "तू वाच, मी सांगतो तिथे टिक कर." पोरगी खूश. मोठ्याने वाचायला लागली. मधुमेह आहे का? नाही. तंबाखू खाता का? नाही. "आई, तू दारू पितेस का?" म्हणून खिदळली. मीही हसले. आता दहा मिनिटांत काम फत्ते, असं वाटत होतं.

"शरीरावर कुठेही गाठ किंवा सूज जाणवली आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

बटणने टिक केली नाही. "आहे ना, आई. डाव्या बाजूला. मी झोपताना डोकं ठेवते तिथे. मला टोचते, तुला दुखतं, मग तू मला उजवीकडे घेतेस."

सासूबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. मी टॅब हिसकावून घेतला आणि पोरीवर असा आवाज चढवला की ती भिंतीला टेकली. "काहीतरीच बरळते! लहान आहे, तिला काय कळतंय?"

कोटने माझ्या हातातून हळूच टॅब घेतला आणि बंद केला. "ताई, मी ऐकलंय आता."

"नाही ऐकलं तुम्ही! नाही लिहा. पाया पडते तुमच्या."

"लिहीन हो. आणि उद्या काही झालं की कंपनी जुने कागद उकरणार. गाठ केवढी, किती दिवसांची, डॉक्टर बरोबर सांगतात. लपवलं म्हणतील आणि या पोरीला छदाम मिळणार नाही. मी एका घरी पाहिलंय ते. आजार लपवून दोन वर्षं हप्ते भरले आणि गेला, त्या नवऱ्याला बायकोने शिव्या घातल्या होत्या." त्याने कोट काढून मांडीवर घेतला. पहिल्यांदाच. "आधी तपासा. साधी निघाली तर मी स्वतः येईन. हप्ता थोडा वाढेल, पण विमा मिळेल."

"आणि साधी नसली तर?"

तो टॅब पिशवीत घालून उठला. सरळ माणूस, खोटं तरी कसं बोलणार?

तो गेल्यावर सासूबाई भिंत धरून उठल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी माझ्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "मेले, रोज त्या मशीनपाशी असतेस ना? माझा पोरगा गेला तेव्हा हातात काही नव्हतं माझ्या. तुझ्या हातात होतं! पन्नास लाखांना आई म्हणेल का ही?"

"मग मी काय करू, आई? मला नाही मरायचं! पण मेले तर तुम्ही दोघी खाणार काय?" मी ओरडले आणि फरशीवरच बसले. बटण माझ्या उजव्या बाजूला येऊन चिकटली. तिला वाटत होतं, चूक तिचीच झाली.

सकाळी सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्याबरोबर सेंटरला आल्या आणि बाहेर बाकावर बसल्या. मी परत फिरू नये म्हणून. मॅडमनी सोनोग्राफीचं जेल लावलं, डाव्या बाजूला फिरवलं, मग काखेत. काखेत थांबल्या. आणि त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवला. अकरा वर्षांत त्यांनी तो किती वेळा वळवला ते मी मोजून सांगू शकते. साधी गाठ असली की त्या वळवत नाहीत.

त्यांनी कागद ओढला. "कधीपासून आहे?"

"आठ दिवस झाले," मी म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं. आठ दिवस लिहिलं तर अजून कुठली तरी कंपनी, अजून कुठला तरी एजंट...

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कंपनीसाठी विचारत नाहीये मी. ही किती वेगाने वाढतेय ते मला कळायला हवं. पुढच्या तपासण्या त्यावर ठरतील. कधीपासून?"

दाराबाहेर सासूबाई खोकल्या. मी छताकडे बघत होते. आठ दिवस म्हटलं तर पन्नास लाखांची आशा तरी राहणार होती. खरं सांगितलं तर ती आत्ता, या टेबलावर संपणार होती.

"सात महिने," मी म्हटलं. "लिहा, मॅडम. सात महिने."

त्यांनी लिहिलं. लिहिताना त्या माझ्याकडेच बघत होत्या, म्हणून आकडा नीट आला नाही. मी उठून बसले आणि म्हटलं, "नीट लिहा. पुढचे डॉक्टर वाचणार आहेत."