अनुष्टुभात बसवलेले जुळे शब्द

पनवेलच्या नाथन आजोबांची उभी हयात सागरी विम्याच्या कचेरीत गेली होती. नात नोगा हिचीही त्याच कामासाठी जासईला मुलाखत ठरली, तेव्हा त्यांनी एलियाहू हन्नाबी या आपल्या ज्यू धर्मातल्या संदेष्ट्याला मलिद्याचा नवस बोलून आपली जुनी वही तिच्या पुढ्यात ठेवली. दिसायला सारखे, अर्थाने निराळे, असे इंग्रजी शब्द तीत होते. टॉर्चुअस म्हणजे वळणावळणाचे. टॉर्शस म्हणजे कायद्याने भरपाईस पात्र ठरणारे. नोगाने आठवडाभर वाचले आणि दर वेळी नेमके उलटे सांगितले.

"दोन नोकऱ्या हिने अशाच हातच्या घालवल्या," आजोबा शेजारच्या वसुंधराबाईंना म्हणाले.

चाळीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या बाईंनी वही नेली आणि दुसऱ्या सकाळी सारे जुळे शब्द अनुष्टुभात बसवून आणले. "आधी जिभेवर बसू दे, अर्थ मागून येईल. आणि मध्येच अडलीस, तर पुन्हा पहिल्या श्लोकापासून. आमच्या पाठशाळेचा दंडक आहे तो."

मुलाखतीत भावेशसाहेबांनी विचारले, "फ्लॉट्सम आणि जेट्सम यांत फरक काय?"

नोगा अडली. अडताच तिचे बोट टेबलावर ताल धरू लागले आणि ओठ पहिल्या श्लोकाकडे वळले.

"काय पुटपुटताय?"

"उत्तर सातव्या श्लोकात आहे, सर. मी पाचव्यावर आले आहे."

"मग सातवा मोठ्याने येऊ द्या."

नोगाने डोळे मिटले.

"नाव फुटूनि जे वाहे, फ्लॉट्सम् ऐसे म्हणा तया ।
तारण्या नाव जे टाकी, जेट्सम् ते जाणिजे बुधी ॥"

भावेशसाहेब मूळचे उरणजवळच्या करंजा कोळीवाड्यातले. ते खुर्चीत मागे रेलले. "आमच्या आज्याने वादळात होडी हलकी करायला बर्फाच्या पेट्या समुद्रात टाकल्या होत्या."

"जेट्सम."

"आणि होडीच फुटून त्या वाहत आल्या असत्या, तर?"

"फ्लॉट्सम," नोगा म्हणाली. या वेळी तिचे बोट हलले नाही.

"सोमवारपासून या. उरलेले श्लोक जेवणाच्या सुट्टीत ऐकवा."

त्या संध्याकाळी घरी मलिद्याचे ताट सजले. गुळाचे पोहे, खोबरे, फळे. प्रार्थना झाल्यावर आजोबांनी पहिला वाटा वसुंधराबाईंच्या हाती दिला. बाईंनी तो कपाळाला लावून मुखी घातला आणि नोगाकडे पाहिले.

"साहेबांपुढे अडलीस म्हणे?"

"थोडीशीच, बाई."

"थोडे काय नि फार काय. घास संपव, आणि पहिल्यापासून म्हण."

ताल मात्र आजोबांनीच आधी धरला.