छत्रीबागेतला हौदा

पद्मजाचं पत्र आलं आणि नानांचं दोन दिवस जेवणात लक्ष लागेना. लेकीने सरळच लिहिलं होतं : "सुमेधा म्हणते, मानपूरच्या आजोबांकडे दोन ट्रक आहेत, सुट्टीभर तिथेच राहीन. इंदूरला झोपाळा असेल तरच येईन."

सुमेधा सात वर्षांची. एवढ्या वर्षांत नानांना नात दोनदाच भेटली होती, त्यातही एकदा ती झोपेत होती.

छत्रीबागेतल्या घरामागे झोपाळा होता, म्हणजे त्याची लोखंडी चौकट होती. आधीचे भाडेकरू, रेल्वेतले एक इंजिनियर, मुलांसाठी झोपाळा आणि घसरगुंडी बसवून गेले होते. साखळ्या गंजून तुटल्या, फळी वाळवीने खाल्ली, घसरगुंडीला ताटाएवढं भोक पडलं. उरलेल्या पत्र्यावर नानांच्या पत्नी द्वारकाबाई सांडगे वाळवीत.

"दुरुस्ती पंचवीस रुपयांत करा," त्यांनी बजावलं. "आणि माझे सांडगे कुठे वाळायचे तेही सांगा."

बडा गणपतीजवळच्या लोहाराने चौकट न बघताच साठ सांगितले. "नानाजी, लोहे का भाव मालूम है आपको?"

साल १९५२. संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली होती, हत्ती कुठल्या कुठे गेले होते, आणि त्यांचं सामान लिलावात निघालं होतं. लाकडी हौद्याला बोलीच येईना. हत्ती नसलेल्या माणसाने हौदा नेऊन करायचं काय? नानांनी तो हौदा आणि हत्तीच्या पायातली साखळी अकरा रुपयांत उचलली. हातगाडीवरून हौदा घरी येताना रस्त्यातली म्हातारी माणसं आपोआप कडेला होऊन उभी राहिली. नानांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

चौकटीला हौदा टांगला. घसरगुंडीच्या भोकावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. हौदा उंच लटकला, म्हणून घसरगुंडीची शिडी चढायला आणि घसरगुंडी उतरायला, अशी सोय झाली. शनिवारी सुमेधा आली. हौदा बघून तिने चपला भिरकावल्या आणि शिडीवर पाय ठेवला.

"ठहरो!" भिंतीपलीकडून आवाज आला. शेजारचे जयसिंगराव, जुन्या रिसाल्यातले. ते भिंतीला वळसा घालून आले, जोडे काढले आणि रिकाम्या हौद्याला वाकून मुजरा केला. "नाना, हौद्यात पहिलं कोण बसणार? मान कोणाचा?"

हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारला असता तर हसण्यावारी गेला असता. पण नानांची दरबारातली तीस वर्षं याच एका कामात गेली होती : कोणी कोणाच्या आधी बसायचं, याची यादी सांभाळण्यात. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "क्रमाने बसायचं, जयसिंगराव. यादी आहे माझ्याकडे."

पेटीतून यादी निघाली. त्रेचाळीस सरदारांची नावं. जयसिंगरावांनी घरोघरी वर्दी दिली. रविवारी सकाळी परसात नऊ पगड्या हजर होत्या, दुपारपर्यंत सोळा झाल्या. एकेक जण शिडी चढे, हौद्यात मांडी घालून बसे, पाच झोके घेई आणि घसरगुंडीवरून मिशी सावरत खाली येई. जयसिंगराव तलवारीसकट घसरले आणि डब्याच्या पत्र्यावर अंमळ अडकले.

सुमेधा पायरीवर बसून होती. "नाना, माझा नंबर कधी?"

नानांनी यादी पुन्हा चाळली, जणू मध्यंतरी तिचं नाव आपोआप उमटलं असेल. "बाळ, तू यादीत नाहीस."

"मग घाला ना."

"यादीत नाव घालायला दरबार भरावा लागतो. दरबार आता भरत नाही."

"भरत नाही कसा?" द्वारकाबाई ताकाची कळशी घेऊन बाहेर आल्या. "चार वर्षं बंद होता, तो माझ्या परसात भरलाय. ताक कमी पडतंय. आणि ही पोर आली कशासाठी?"

सुमेधा उठली, चपला शोधून पायात घातल्या आणि शांतपणे म्हणाली, "मी चारच्या मोटारीने मानपूरला जाते. ट्रकमध्ये बसायला यादी लागत नाही."

साडेतीन वाजले होते. त्रेचाळीसपैकी सतरावे सरदार शिडीवर चढत होते. त्यांना खाली उतरा म्हणणं नानांच्या जिभेला जमेना, आणि नातीला जा म्हणणंही जमेना.

दारापाशी सुमेधा थांबली. "नाना, खऱ्या हत्तीवर पुढे बसतो तो कोण?"

"माहूत."

"त्याचा नंबर कितवा?"

तीस वर्षांत हे नानांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "माहुताला नंबर नसतो," ते सावकाश म्हणाले. "तो सगळ्यांच्या आधी चढतो. सगळे उतरल्यावर उतरतो." मग एकदम ओरडले, "अहो, थांबा! माहुताशिवाय कोणी चढायचं नाही! नियम आहे!"

सतरावे सरदार शिडीवर तसेच लटकले. जयसिंगरावांनी मान डोलावली. "बराबर है, भिया. माहूत नाही तर हत्ती कसला? आतापर्यंतचे सोळाही बाद धरा. मीसुद्धा."

जुन्या पाटाची फळी हौद्याच्या पुढे ठोकली. सुमेधा तीवर पाय सोडून बसली. जयसिंगरावांनी तिला हत्तीची बोली शिकवली : चल म्हणजे "मैल", थांब म्हणजे "धत्". पहिल्या क्रमाचे सरदार मुकाट्याने परत येऊन चढले. तिने मागे वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पगडी सांभाळा. मैल!"

चारची मोटार गेली. कोणी वेळ पाहिली नाही.

आठव्या दिवशी मानपूरचे आजोबा स्वतः ट्रक घेऊन नातीला न्यायला आले. परसात येऊन बघतात तो काय, रांग लागलेली. ते सरळ शिडीकडे निघाले.

"धत्!" सुमेधा वरून म्हणाली. "आजोबा, तुमचं नाव यादीत आहे?"

दोन ट्रकच्या मालकाने नानांकडे पाहिलं. नानांनी कागद पाहिला आणि अगदी दिलगिरीने मान हलवली. पत्र आल्यापासून पहिल्यांदाच, या आठवड्यात ते पोटभर जेवत होते.

"धक्का द्यायला माणूस हवाय," सुमेधा म्हणाली. "त्याला यादी लागत नाही."

व्याह्यांनी थोडा विचार केला, कोट काढून बाहेर ट्रकच्या आरशाला अडकवून आले आणि बाह्या सरसावून हौद्यामागे उभे राहिले.